सत्तराव्या मिनिटाचा गोल

३१ जुलै १९४८ रोजी लंडनच्या पूर्वेला इलफर्ड या उपनगरातल्या क्रिकलफील्ड मैदानावर भारत आणि फ्रान्स यांच्यात ऑलिंपिक फुटबॉलचा सामना झाला. तिसाव्या मिनिटाला रेने कूर्बँने गोल करून फ्रान्सला आघाडी मिळवून दिली होती. पुढची चाळीस मिनिटं भारताचे खेळाडू, त्यांतले बहुतेक अनवाणी, ती आघाडी मोडून काढण्यासाठी झुंजत होते. सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रमणने चेंडू जाळ्यात धाडला आणि सामना १-१ असा बरोबरीत आला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारताने केलेला हा पहिला गोल. तो करणारा खेळाडू बंगळुरूचा होता.

१९४८ च्या ऑलिंपिकचं नाव निघालं की आपल्याला हॉकीचं सुवर्णपदक आठवतं, आणि ते योग्यच आहे. १२ ऑगस्टला वेम्बलीवर भारताने यजमान ब्रिटनला ४-० असं हरवलं. बलबीर सिंगने दोन गोल केले आणि ज्या देशाने आपल्यावर राज्य केलं, त्याच्या राजधानीत तिरंगा वर चढला. स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवसाला तेव्हा तीन दिवस उरले होते. हा प्रसंग शाळेच्या पुस्तकापासून सिनेमापर्यंत सगळीकडे पोहोचला. त्याच दोन आठवड्यांत त्याच शहरात बंगळुरूच्या मातीत तयार झालेल्या काही तरुणांनी जे केलं, आणि जे अगदी थोडक्यात त्यांच्या हातून निसटलं, ते मात्र आपण एका मजेदार किश्शात गुंडाळून बाजूला ठेवलं आहे. तो किस्सा अनवाणी पायांचा.

आधी त्या वेळचा भारत डोळ्यांपुढे आणायला हवा. लोकसंख्येने अवाढव्य, पण खेळांच्या जगात नवखा आणि लहान देश. बर्लिनला १९३६ साली आपले खेळाडू गेले, ते इंग्रजांच्या निशाणाखाली. मग महायुद्धामुळे दोन ऑलिंपिक झालीच नाहीत. १९४७ साली देश मिळाला, पण तुटून मिळाला. काल एका संघात खेळणारे आज दोन देशांचे झाले, आणि पाकिस्तानचा वेगळा चमू लंडनला उतरला. अशा अवस्थेत ऐंशीच्या आसपास खेळाडूंचा भारतीय चमू निघाला. २९ जुलैला ५९ देशांच्या संचलनात तिरंगा होता तालिमेरेन आओच्या हातात. नागा टेकड्यांतून कलकत्त्याला वैद्यकीचं शिक्षण घ्यायला आलेला हा तरुण फुटबॉल संघाचा कर्णधार होता.

लंडनही त्या वेळी दिमाखात नव्हतं. बॉम्बहल्ल्यांनी पडलेली घरं अजून उभी राहायची होती, अन्नधान्य रेशनवर होतं. नवं क्रीडाग्राम बांधायला पैसा नसल्यामुळे पुरुष खेळाडूंची सोय लष्करी छावण्यांत आणि शाळांत करावी लागली. जर्मनी आणि जपान यांना आमंत्रणच नव्हतं. फुटबॉलमध्ये भारताची पहिली गाठ ब्रह्मदेशाशी पडायची होती. तो देशही त्याच वर्षी जानेवारीत स्वतंत्र झालेला. त्याने माघार घेतली आणि आपण न खेळताच पुढे गेलो. त्यामुळे फ्रान्सविरुद्धचा सामना हाच पहिला सामना ठरला.

या संघाच्या यादीत बंगळुरूची नावं किती होती, ते पाहा. गोलरक्षक वरदराज, मधल्या फळीतला बशीर, आघाडीवर रमण आणि अहमद खान, शिवाय धनराज आणि वज्रवेलू. एका शहराने राष्ट्रीय संघाला इतके खेळाडू द्यावेत, आणि तेही कलकत्त्याचा फुटबॉलवर असा दबदबा असताना, ही साधी गोष्ट नव्हती. आपल्याकडचा रामचंद्र बाळाराम परबही या चमूत होता. मराठी वाचकाने हे नावही लक्षात ठेवावं.

मराठी माणसाला बंगळुरू ठाऊक असतं ते शहाजीराजांच्या जहागिरीमुळे, आणि अलीकडे तिथे नोकरीला गेलेल्या मुलामुलींमुळे. या दोन्हींच्या मधलं एक बंगळुरू लष्कराचं होतं. १८०९ साली इंग्रजांनी श्रीरंगपट्टणहून पलटण हलवून इथे छावणी वसवली, आणि एका गावाची दोन गावं झाली. एकीकडे जुनी पेठ, जिथे कन्नड बोललं जाई आणि म्हैसूरच्या महाराजांचा अंमल चाले. दुसरीकडे कॅन्टोन्मेंट, जिथे इंग्रजांचा अंमल. मद्रासच्या पलटणींबरोबर तमिळ माणसं आली, दख्खनी उर्दू बोलणारे मुसलमान होते, अँग्लो-इंडियन होते. अलसूर, मर्फी टाउन, ऑस्टिन टाउन, फ्रेझर टाउन या वस्त्या अशा वाढल्या. सोल्जरांसाठी मैदानं होती. मैदानाच्या कडेला उभं राहून खेळ बघणारी पोरं होती. सोल्जर बरॅकीत परतले की मैदान त्या पोरांचं.

या पोरांनी पुढे गोऱ्यांना हरवायला फार वेळ घेतला नाही. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ पासून चालू होती, आणि वर्षानुवर्षं ती ब्रिटिश पलटणींच्याच ताब्यात होती. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स या क्लबने मुंबईत येऊन तो चषक जिंकला. रोव्हर्स जिंकणारा हा पहिला नागरी भारतीय संघ. पुढच्या वर्षी त्यांनीच तो पुन्हा जिंकला. मोहन बागानने १९११ साली आयएफए शील्ड जिंकली, ते सगळ्या देशाला माहीत आहे. बंगळुरूच्या मुसलमान पोरांनी मुंबईत केलेला पराक्रम मुंबईकरांनाही माहीत नसतो. १९४६-४७ च्या हंगामात म्हैसूरने बंगालला हरवून संतोष करंडक मिळवला. लंडनच्या संघात बंगळुरूची नावं भराभर आली, त्याच्या मागे ही दहा वर्षांची मशागत होती.

आता अनवाणी पायांबद्दल. लंडनमध्ये कुणी पत्रकाराने विचारलं की तुम्ही बुटांशिवाय का खेळता, तेव्हा आओने उत्तर दिलं की आम्ही पायाने खेळतो, तुमचा खेळ बुटांचा आहे, अशी गोष्ट सांगतात. चटपटीत गोष्ट आहे. पण तिच्या दोन बाजूंनी दोन चुकीचे अर्थ निघाले. इंग्रजांनी त्यात पूर्वेकडची गंमत पाहिली. आपण त्यात गरिबी पाहिली, बुटांना पैसे नव्हते बिचाऱ्यांकडे असं म्हणून हळहळलो. अनवाणी खेळणं ही एक शिकलेली, घोटलेली पद्धत होती, हे दोघांनीही पाहिलं नाही.

त्या काळचा चेंडू चामड्याचा असे, शिवलेला, वर वादी आवळून बांधलेली. नियमाप्रमाणे त्याचं वजन १४ ते १६ औंस, आणि पावसात भिजला की तो आणखी जड होई. असा चेंडू उघड्या पायाने नुसता लाथाडून चालत नाही. बोटं आत ओढून, पावलाच्या वरच्या सपाट भागाने तो उचलावा लागतो. जवळच्या पाससाठी पावलाची आतली कड, चेंडू थांबवायला तळवा. पायाला चेंडू प्रत्यक्ष लागत असल्यामुळे तो किती फिरला, किती उसळला हे बोटांना कळतं. घोट्याभोवती पट्टी घट्ट गुंडाळलेली असे, ती मुरगळू नये म्हणून. कोरड्या, कडक मैदानावर हा खेळ बुटांच्या खेळापेक्षा चपळ असे. चिखलात मात्र पाय सरकत आणि समोरच्याच्या बुटांचे खिळे लागत, तेव्हा आपले खेळाडूही बूट घालत. म्हणजे कुठे काय घालावं, याचा विचार होता.

आणि ही पद्धत एकट्या फुटबॉलची किंवा बंगालचीही नव्हती. लंडनच्या आधी अठ्ठावीस वर्षं, भारताचा पहिला ऑलिंपिक संघ ज्या मैदानातून निघाला, ते पुण्याचं डेक्कन जिमखान्याचं मैदान. १९१९ साली तिथे सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष म्हणून शर्यती पाहायला गेले. धावणारे बहुतेक शेतकरी, अनवाणी आणि कसल्याही शास्त्रोक्त तालमीशिवाय धावणारे. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळ जात होत्या. दोराबजींनी पुढे ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं, त्यात हे सगळं नमूद केलं आहे. त्यातूनच १९२० साली अँटवर्पला संघ गेला. बेळगावचा फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत धावला आणि एकोणिसावा आला. कुस्तीत रणधीर शिंदेने उपान्त्य फेरी गाठली आणि कांस्यपदक एका कुस्तीने हुकलं. चौगुलेच्या बेळगावापासून रमणच्या बंगळुरूपर्यंत, आजच्या कर्नाटकाच्या ऑलिंपिक इतिहासाची सुरुवात अशी मराठी मुलखाच्या सीमेवरून होते. सीमेचे वाद चालत राहोत, हा वारसा दोन्ही बाजूंचा आहे.

पुन्हा इलफर्डला येऊ. फ्रान्सचा तो संघ हौशी खेळाडूंचा होता, पण कच्चा नव्हता. पुढच्या फेरीत मॅट बझ्बी यांच्या तालमीतल्या ब्रिटनने त्यांना हरवलं, ते फक्त एका गोलने. त्या संघाविरुद्ध भारताला दोन पेनल्टी मिळाल्या. पेनल्टी म्हणजे गोलपासून बारा यार्डांवर चेंडू, समोर एकटा गोलरक्षक. एक सैलेन मन्नाने घेतली, एक महाबीर प्रसादने. दोन्ही वाया गेल्या.

सामना आपण इथे हरलो, बुटांमुळे नव्हे. मन्नाची फ्री किक अनवाणी पायाची असूनही तोफेसारखी जाई, अशी त्याची ख्याती होती. म्हणजे पायात जोर नव्हता असं म्हणता येत नाही. मला दुसरं एक कारण महत्त्वाचं वाटतं, आणि ते क्वचितच कुणी सांगतं. त्या काळी आपल्याकडचे बरेच सामने नव्वद मिनिटांचे नसत. तासाभरात, फार तर सत्तर मिनिटांत खेळ आटोपे. रमणने बरोबरी साधली ती सत्तराव्या मिनिटाला. घरच्या मैदानावर असता तर शिट्टी वाजण्याची ती वेळ. इथे अजून वीस मिनिटं बाकी होती, आणि ती वीस मिनिटं आपल्या खेळाडूंच्या छातीला सवयीची नव्हती. तरी ते टिकले. एकोणनव्वदाव्या मिनिटापर्यंत टिकले. मग रेने पर्सियोँने दुसरा गोल केला आणि फ्रान्स २-१ ने जिंकला.

एका मिनिटाने गेलेला सामना, हुकलेल्या दोन पेनल्टी, आणि तरीही ज्यांच्या खेळावर परक्या प्रेक्षकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या असा संघ. इंग्लंडहून हाच संघ हॉलंडला गेला आणि ॲमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबला त्याने ५-१ असं हरवलं. पुढच्या काळात आयाक्स युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लबांपैकी एक झाला. आपल्या त्या संघाची पत काय होती, हे या निकालावरून कळावं.

इलफर्डच्या सामन्यानंतर तीनच दिवसांनी, ३ ऑगस्टला, वेम्बलीवर तिहेरी उडीची अंतिम फेरी होती. भारताचा हेन्री रिबेलो तिच्यात उतरला होता. वय एकोणीस. जन्म लखनौचा, पण ज्या उडीने त्याचं नाव जगभर झालं, ती त्याने लंडनला जाण्याआधी बंगळुरूत मारली होती: ५० फूट २ इंच, म्हणजे १५.२९ मीटर. त्या हंगामात जगात कुणीही त्याच्या पुढे गेलं नव्हतं. लंडनमध्ये जाणकार सुवर्णपदकाचा दावेदार म्हणून त्याच्याकडे बोट दाखवत होते. स्वतंत्र भारताचा एक पोरगा मैदानी खेळात पहिला येईल अशी शक्यता दिसत होती, आणि ती कुणाला अतिशयोक्ती वाटत नव्हती.

तिहेरी उडी हा फार निर्दय प्रकार आहे. धावत येऊन ज्या पायाने उडी घ्यायची, त्याच पायावर पुन्हा उतरायचं, मग दुसऱ्या पायावर, मग वाळूत. धावण्याचा सगळा वेग आणि शरीराचं सगळं वजन दर वेळी एका पायावर येतं. मांडीच्या मागचा स्नायू तापलेला, सैल झालेला नसेल तर तो हा भार घेत नाही. म्हणून उडी मारणारा खेळाडू आपली पाळी येईपर्यंत अंग गार पडू देत नाही. सतत हलत राहतो.

रिबेलो पाळीसाठी सज्ज होऊन धावपट्टीवर उभा राहिला, तेवढ्यात अधिकाऱ्याने त्याला थांबवलं. दुसऱ्या एका स्पर्धेचा पदक वितरण समारंभ सुरू होणार होता. बँड वाजला, राष्ट्रगीत झालं. रिबेलो उभाच. लंडनच्या हवेत अंग निवलं. समारंभ संपला आणि लगेच त्याला बोलावण्यात आलं. पुन्हा अंग गरम करायला त्याने वेळ मागितला नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला, पहिल्याच मोठ्या स्पर्धेत, हजारो लोकांपुढे ते सुचलं नाही, आणि शेजारी उभं राहून त्याला सांगणारंही कुणी नव्हतं. तो जीव खाऊन धावला. उडी घेताना मांडीचा स्नायू फाटला आणि तो वाळूत कोसळला. त्याला उचलून नेलं. स्पर्धा तिथेच संपली. खरं म्हणजे त्याची खेळाडू म्हणून सगळी उमेदच तिथे संपली.

निकालाचे आकडे पाहिले की जीव तळमळतो. सुवर्णपदक स्वीडनच्या आर्ने ओमानला, १५.४० मीटरवर. रौप्य ऑस्ट्रेलियाच्या जॉर्ज ॲव्हरीला, १५.३६ वर. कांस्य तुर्कस्तानच्या रुही सारिआल्पला, १५.०२ वर. रिबेलोची बंगळुरूतली उडी १५.२९. ती त्याने वेम्बलीवर नुसती पुन्हा मारली असती, तरी कांस्यपदक त्याचं होतं. सारिआल्पचं ते पदक हे मैदानी खेळांतलं तुर्कस्तानचं पहिलं ऑलिंपिक पदक, त्या देशाने ते अभिमानाने मिरवलं. आपल्याला मैदानी खेळातलं पहिलं सुवर्णपदक पाहायला २०२१ साल उजाडावं लागलं, टोकियोत नीरज चोप्राचा भाला जाईपर्यंत. रिबेलो पुढे हवाई दलात गेला, ग्रुप कॅप्टन झाला, आणि २०१३ साली वारला. त्या दिवशी किती जणांना त्याचं नाव आठवलं असेल?

स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक मिळालं ते चार वर्षांनी, हेलसिंकीला, आणि ते आणलं आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी. लंडनला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेलेले खाशाबा सहावे आले होते. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. ही कथा मराठी घराघरांत आहे. पण त्याच्या आठच दिवस आधी, त्याच शहरात, बंगळुरूच्या एका माणसाने काय केलं, ते मराठीत कुणी फारसं लिहिलेलं नाही.

तो माणूस म्हणजे अहमद खान. १९२६ साली बंगळुरूत जन्मलेला, घरातच फुटबॉल असलेला. अंगाने किरकोळ, जागा डाव्या आघाडीची. चेंडू पायाला चिकटून राहायचा, आणि समोरचा बचावपटू कुठे झुकणार हे त्याला आधी कळायचं. लोक त्याला गारुडी म्हणत. लंडनहून परतल्यावर कलकत्त्याच्या ईस्ट बंगालने त्याला नेलं. तिथे अप्पाराव, व्यंकटेश, सालेह, धनराज आणि अहमद खान या पाच आघाडीवीरांना लोकांनी पंच पांडव असं नाव दिलं. त्या पाचांतले दोघे, धनराज आणि अहमद, बंगळुरूचे. पद्मा नदीच्या पलीकडून निर्वासित होऊन कलकत्त्यात आलेली हजारो माणसं तेव्हा ईस्ट बंगालच्या मागे उभी होती. सगळं गमावून आलेल्या त्या माणसांना शनिवारी-रविवारी जिंकण्याचं सुख दिलं, त्यात कॅन्टोन्मेंटच्या गल्लीतल्या या दोघांचा वाटा होता. फाळणीच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी.

१९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असं हरवून फुटबॉलचं सुवर्णपदक घेतलं; गोल मेवालालचा. अहमद त्या संघात होता. पुढच्या वर्षी हेलसिंकी. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. १५ जुलै १९५२ रोजी गाठ पडली युगोस्लाव्हियाशी. लंडनचं रौप्यपदक त्यांच्याकडे होतं आणि हेलसिंकीचंही रौप्य पुढे त्यांनाच मिळालं. उत्तरेकडची थंडी, आणि समोर जगातल्या पहिल्या दोन-तीन संघांपैकी एक. अनवाणी पायांचं कसब कडक, कोरड्या, उन्हात तापलेल्या मैदानावर वाढलेलं. ते इथे चाललं नाही. मध्यंतरापर्यंत ५-० झाले होते. शेवटी १०-१. एकट्या झेबेत्सने चार गोल केले.

त्या निकालातला तो एक गोल अहमद खानचा आहे, एकोणनव्वदाव्या मिनिटाचा. दहा गोल खाल्लेल्या, गारठलेल्या, दमलेल्या संघातला एक माणूस शेवटच्या मिनिटापर्यंत प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे धावत राहिला, ही गोष्ट मला त्या दहा गोलांपेक्षा मोठी वाटते. लंडनमध्ये शेवटच्या घटकेला गोल खाल्ला होता. हेलसिंकीत, सगळं हातचं गेल्यावर, शेवटच्या घटकेला गोल केला. १९४८ आणि १९५२ या दोन ऑलिंपिकमध्ये मिळून भारताने फुटबॉलमध्ये दोनच गोल केले आणि ते दोन्ही बंगळुरूच्या खेळाडूंचे आहेत: रमण आणि अहमद.

हेलसिंकीनंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. निर्णय योग्य होता; रहीमसाहेबांनी त्याचं सोनं केलं. १९५६ साली मेलबर्नला भारत चौथा आला, मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले. त्या संघात बंगळुरूचा केंपय्या होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्येही तो होता. तिथे ग्रोसेतो गावात भारताची पुन्हा फ्रान्सशी गाठ पडली आणि पी. के. बॅनर्जीच्या गोलने सामना १-१ असा सुटला. बारा वर्षांपूर्वी एका मिनिटाने गमावलेली बरोबरी या वेळी टिकली. ऑलिंपिकमधला भारतीय फुटबॉल त्याच वर्षी थांबला. पुरुषांचा आपला संघ त्यानंतर एकदाही पात्र ठरलेला नाही.

बंगळुरूत अलसूरजवळ गौतमपुरा नावाची वस्ती आहे. छोटी घरं, अरुंद गल्ल्या, आणि फुटबॉलचं विलक्षण वेड. तिथे लोकांनी बाबासाहेब आंबेडकर, बुद्ध आणि मदर तेरेसा यांच्या जोडीला पेलेचा पुतळा उभारला आहे. गौतमपुऱ्याचं हे प्रेम निर्मळ आहे, त्याला मी नमस्कार करतो. फक्त एक आठवण द्यावीशी वाटते: सारंगपाणी रमणने इलफर्डला गोल केला, त्या दिवशी पेले सात वर्षांचा होता. ज्या मुलांना पेले देवासारखा वाटतो, त्यांच्या आजोबांच्या पिढीत, त्यांच्याच शहरात, ऑलिंपिकमध्ये गोल करणारे दोन खेळाडू राहत होते. अहमद खान तर २०१७ पर्यंत, वयाच्या नव्वदीपर्यंत, बंगळुरूतच होते. आजूबाजूला संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठल्या, शहराचं नाव जगभर गाजलं, आणि त्याच शहरातल्या एका घरात हा म्हातारा गारुडी राहत होता. शहराने त्यांच्याकडे जाऊन, समोर बसून, तो खेळ कसा खेळायचे ते पायाने दाखवून घ्यायला हवं होतं. ती वेळ गेली.

कागद मात्र अजून मिळू शकतात. बंगळूर मुस्लिम्स क्लबने रोव्हर्स चषक तिसऱ्यांदा जिंकला तो १९४८ सालीच, मुंबईत. त्या आणि आधीच्या स्पर्धा पाहायला गिरगाव, परळ, भायखळा इथून हजारो मराठी माणसं जात. त्यांच्यातल्या कुणी सामन्यांची कात्रणं चिकटवून ठेवली असतील, कुणाच्या ट्रंकेत संघांची छायाचित्रं, तिकिटं, कार्यक्रमपत्रिका पडून असतील. आजोबांचं सामान आवरताना असं काही हाती लागलं, तर रद्दीत देऊ नका. छायाचित्रामागे खेळाडूंची नावं पेन्सिलीने लिहा, आणि ते मुंबईत असाल तर मुंबईच्या, बंगळुरूत असाल तर बंगळुरूच्या एखाद्या ग्रंथालयात नेऊन द्या.